'...आणि इतर हिंदी शिपाई': बसऱ्याच्या स्मारकावर नसलेली मराठी नावे

पुण्याजवळ खडकी येथे एक युद्ध दफनभूमी आहे. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेले १,६६८ सैनिक तेथे विसावले आहेत. त्याच आवारात पहिल्या महायुद्धाचेही एक स्मारक आहे. १९१४ ते १९१८ या काळात हिंदुस्थानात मृत्यू आलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नोंद त्या स्मारकाने जपली आहे. हे सैनिक मुळात या उपखंडातील निरनिराळ्या छावण्यांच्या दफनभूमींत पुरले गेले होते. त्या जागांची निगा राखणे पुढे अशक्य झाले, म्हणून त्यांची नावे खडकीला आणण्यात आली. मार्च १९६२ मध्ये तर मुंबईच्या शिवडी दफनभूमीतील ६२९ जणांचे अवशेषच येथे हलवून पुन्हा पुरण्यात आले. कोण कोठला इंग्रज तरुण तापाने किंवा पटकीने मुंबईत मेला. पन्नास वर्षांनी त्याची हाडे उचलून, त्याचे नाव पडताळून, त्याला पुण्याच्या मातीत कायमची जागा देण्यात आली. या कामातील चिकाटीचे कौतुकच केले पाहिजे.

आता याच व्यवहाराची दुसरी बाजू पाहू. खडकीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या साताऱ्यातून, आणि त्याही पलीकडे कोल्हापुरातून व रत्नागिरीतून त्याच युद्धासाठी इराकात गेलेला आणि तेथेच संपलेला मराठी शिपाई आज कोठे आहे? त्याचे नाव कोणत्या दगडावर आहे? हा धागा त्या प्रश्नाविषयी आहे.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. इराकमध्ये बसऱ्याजवळ एक प्रचंड स्मारक आहे. १९१४ च्या शरदापासून ऑगस्ट १९२१ अखेरपर्यंत मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मरण पावलेल्या आणि ज्यांची कबर ठाऊक नाही अशा ४०,६०० हून अधिक सैनिकांसाठी ते उभारलेले आहे. एडवर्ड वॉरन हा त्याचा वास्तुरचनाकार. २७ मार्च १९२९ रोजी इराकमधील ब्रिटिश उच्चायुक्त सर गिल्बर्ट क्लेटन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. या चाळीस हजारांतील तेहतीस हजारांहून अधिक लोक हिंदी सैन्यातले होते. हिशेब केला तर दर पाच जणांत चार हिंदी.

उत्तराचा दुसरा भाग मात्र अवघड जागी बोट ठेवतो. या स्मारकाच्या फलकांवर पलटणवार मजकूर कोरला आहे. ब्रिटिश पलटणींतील साध्या शिपायापर्यंत प्रत्येकाचे नाव तेथे आहे. हिंदी पलटणीपाशी आल्यावर आधी ब्रिटिश अधिकाऱ्यांची नावे येतात, मग सुभेदार आणि जमादार या हिंदी अधिकाऱ्यांची, आणि त्यानंतर एक आकडा: 'आणि इतर इतके हिंदी शिपाई'. हवालदार, नाईक, शिपाई हे सगळे त्या आकड्याच्या पोटात. फलकावर त्यांना नाव नाही. त्यांची नावे नोंदवहीत आहेत, असे आयोगाचे म्हणणे. दगडाच्या वाट्याला फक्त बेरीज आली.

हे लोक कोण होते, हे पाहिल्यावाचून या आकड्याचा अर्थ कळणार नाही. मेसोपोटेमियात सर्वांत आधी जी फौज उतरली ती हिंदी सैन्याची सहावी डिव्हिजन. तिचे नावच 'पूना डिव्हिजन'. तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या: १०३ वी मराठा लाइट इन्फन्ट्री, ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा. तिन्ही तीन वेगवेगळ्या ब्रिगेडमध्ये विभागलेल्या, त्यामुळे या मोहिमेतील जवळपास प्रत्येक मोठ्या झुंजीत कोणती ना कोणती मराठा पलटण होतीच. भरती मुख्यतः सातारा, पुणे, कोल्हापूर, रत्नागिरी आणि कुलाबा या भागांतली. सैन्याच्या कागदोपत्री 'दख्खनी मराठे' आणि 'कोकणी मराठे' असे दोन वर्ग केलेले असत; शिवाय या पलटणींत दख्खनी मुसलमानही असत. 'मराठा पलटण' म्हटले की एकाच जातीचे चित्र डोळ्यांपुढे येते, ते पुरते खरे नाही. आणि पलटणींच्या मागे पाणके, खेचरवाले, डोलीवाले, स्वयंपाकी यांचा मोठा जथा असे. त्यांची मोजदाद तर शिपायांहूनही सैल हाताने झाली.

ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून जहाजे निघाली. ६ नोव्हेंबरला शत्-अल्-अरबच्या मुखाशी असलेल्या फाव येथे सोळावी ब्रिगेड उतरली, तिच्यात ११७ वी मराठा होती. नोव्हेंबर संपण्यापूर्वी बसरा हाती आले. अबादानच्या तेलाचे रक्षण हा मूळ हेतू होता, तो तेथेच साधला गेला होता. पण सहज मिळालेला विजय सेनापतींना पुढे ओढत नेतो. कुर्ना, शैबा, अमारा, कूत असे करीत टायग्रिस नदीच्या काठाने फौज वर सरकत राहिली. पुरवठ्याची नावे अपुरी, दवाखान्याची व्यवस्था त्याहून अपुरी. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे, सासानी राजांच्या प्रसिद्ध कमानीच्या छायेत, टेसिफॉन येथे गाठ पडली. तेथे या एका डिव्हिजनचे मृत व जखमी मिळून साडेचार हजारांच्या आसपास लोक गेले. जखमींना बिनकमानीच्या गाड्यांवर लोटून नदीपर्यंत आणले गेले आणि तेथून बोटींवरून खाली धाडले गेले. त्या प्रवासातील हालांमुळे पुढे लंडनच्या पार्लमेंटात वादळ उठले आणि चौकशी आयोग बसला.

उरलेली डिव्हिजन मागे हटून कूतमध्ये शिरली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्की फौजेने तिला वेढून ठेवले. वेढ्यात अन्न संपत आले तेव्हा घोडी आणि खेचरे कापली जाऊ लागली. बहुसंख्य हिंदी शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे नाकारले. धर्म हे एक कारण होते. गावी परतल्यावर पंगतीत कोण बसवून घेईल, ही धास्ती दुसरे. भाजीपाला नाही, मांस नाही, पिठाचा वाटा रोज घटत चाललेला. परिणामी स्कर्व्हीने हिंदी शिपाई ब्रिटिश शिपायांपेक्षा अधिक खंगले. या हट्टाला अनेक ब्रिटिश लेखकांनी अडाणीपणा म्हटले आहे. पण चार महिन्यांच्या भुकेला तोंड देताना मनात गावची पंगत जागी असणे हे माणूस मोडला नसल्याचेही लक्षण आहे, असा अर्थ का लावू नये?

कूतची सुटका करण्यासाठी खालून ज्या फौजा आल्या त्यांचे सुमारे २३ हजार लोक मेले किंवा जखमी झाले आणि कूत काही सुटले नाही. २९ एप्रिलला टाउनशेंडने शरणागती पत्करली. शिपाई आणि बिनलढाऊ चाकर मिळून सुमारे १३ हजार लोक कैदेत गेले. टाउनशेंड स्वतः इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला. शिपायांना वाळवंटातून पायी हाकलत नेण्यात आले, आणि त्यांतील अनेकांना रास-अल्-ऐनच्या बाजूला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपण्यात आले. रस्त्यात जो बसला तो बसलाच. शिशिर सर्वाधिकारी या वैद्यकीय पथकातील बंगाली तरुणाने त्या दिवसांच्या आठवणी 'अभी ले बगदाद' या नावाने बंगालीत लिहून ठेवल्या, म्हणून त्या वाटेवर काय घडले हे हिंदी डोळ्यांनी पाहिलेले आज वाचता येते.

११७ व्या पलटणीला या कामगिरीबद्दल १९२१ मध्ये 'रॉयल' ही पदवी मिळाली. १९२२ च्या पुनर्रचनेत या सर्व पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. १०३ वी म्हणजेच आजची 'जंगी पलटण'. १०५ वी, म्हणजे 'काली पाँचवीं', आणि ११४ वी यांनीही मेसोपोटेमियात रक्त सांडले. पलटणींना सन्मान मिळाले, निशाणांवर लढायांची नावे चढली. माणसांच्या नावांचे काय झाले, हा प्रश्न राहिलाच.

त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. २१ मे १९१७ रोजी शाही सनदेने 'इंपीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन' स्थापन झाले. आजचे 'कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन' ते हेच. फेबियन वेअर हा त्याचा प्राण. १९१८ मध्ये ब्रिटिश म्युझियमचे संचालक सर फ्रेडरिक केन्यन यांनी आयोगासाठी अहवाल लिहिला. त्यातील मुख्य सूत्र त्या काळाच्या मानाने विलक्षण होते. मृतदेह घरी न्यायचा नाही. श्रीमंताने मोठे थडगे बांधायचे नाही. जनरल असो वा शिपाई, दगड एकाच मापाचा. ज्याची कबर सापडली त्याला शिळा, ज्याची सापडली नाही त्याचे नाव स्मारकावर. ब्रिटनमधील वजनदार घराण्यांनी याविरुद्ध आकांत केला, तरी आयोग हलला नाही. मोठ्या दफनभूमींत ठेवल्या जाणाऱ्या स्मरणशिळेसाठी किपलिंग यांनी बायबलच्या परंपरेतले जे वचन निवडले, तेही नाव चिरंजीव राहण्याची ग्वाही देणारे आहे. सगळी इमारत 'नाव' या एका कल्पनेवर उभी होती.

फ्रान्समध्ये हे सूत्र हिंदी शिपायांनाही लागू झाले. न्यूव्ह शापेल येथे हर्बर्ट बेकरने रचलेले हिंदी सैन्याचे स्मारक ७ ऑक्टोबर १९२७ रोजी खुले झाले, आणि त्यावर ४,७०० हून अधिक हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. त्यांत शिपाई आहेत, चाकर आहेत. मार्शल फॉश समारंभाला हजर होते. म्हणजे हिंदी नाव दगडावर कोरता येते, हे बसऱ्याच्या अनावरणाआधी दीड वर्ष सर्वांनी पाहिले होते.

मग बसऱ्याला काय आडवे आले? नोंदी अपुऱ्या होत्या, याद्या वेळेवर आल्या नाहीत, संख्या फार मोठी होती, खर्च वाढला असता, अशी कारणे सांगितली जातात. त्यांतील प्रत्येकात काही तथ्य आहे, आणि एकही पुरेसे नाही. संख्येचेच घ्या. बेल्जियममधील ईप्र येथील मेनिन गेटवर ५४ हजारांहून अधिक नावे आहेत, ते स्मारक १९२७ चे. फ्रान्समधील थीपवालवर ७२ हजारांहून अधिक. ५४ हजार नावे कोरणाऱ्या छिन्नीला ३३ हजार नावे जड जावीत हे पटत नाही. याद्यांचे म्हणावे, तर पलटणीगणिक नेमका आकडा कोरता आला, याचा अर्थ कोणीतरी एकेक मृत मोजला होता. मोजताना यादी समोर असतेच.

अमारा या टायग्रिसकाठच्या गावात हा भेद अधिकच उघडा पडतो. तेथे एक मुख्य दफनभूमी आहे, पहिल्या महायुद्धातील ४,६२१ दफनांची. जमिनीतील क्षारांनी थडग्यांचे दगड झिजू लागले, म्हणून १९३३ मध्ये ते काढून एक भिंत बांधण्यात आली आणि तिच्यावर पुरलेल्यांची नावे कोरण्यात आली. नदीच्या डाव्या काठावर हिंदी सैनिकांची वेगळी दफनभूमी आहे. तेथे हिंदी सैन्यातील सुमारे ५,००० जणांचे स्मरण आहे आणि त्यांतील ओळख पटलेले लोक नऊ. पाच हजारांत नऊ. लष्करी अधिकाऱ्यांनी दफनांच्या नीट नोंदीच ठेवल्या नाहीत, असे कारण आयोग स्वतः देतो. एका ठिकाणी दगड झिजला तर नाव भिंतीवर चढले. दुसऱ्या ठिकाणी नाव टिपूनच घेतले नव्हते.

मराठी शिपायाच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. हिंदू शिपायाला शक्य तेथे अग्नी दिला जाई. त्याची कबर नसणे ही दुर्घटना नव्हती, तो त्याचा विधीच होता. पण आयोगाच्या पद्धतीत कबर नसलेल्याला फक्त स्मारक उरते. राख टायग्रिसमध्ये गेली, अस्थी गावच्या नदीपर्यंत पोचल्या नाहीत, आणि ज्या दगडावर नाव यायचे तेथे आकडा आला. इंग्रज शिपायाची कबर हरवली तर त्याला नाव होते, नाव हरवले तर कबर होती. मराठी शिपायाकडे दोन्हींतले एकही नव्हते.

येथे एक आक्षेप घेतला जातो, आणि तो केवळ इंग्रजांचा नाही. आपल्याकडे तरी वीराचे नाव कोरण्याची रीत कोठे होती? सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना गावोगाव वीरगळ उभे आहेत. खाली झुंज, वर अप्सरांनी नेलेला वीर, त्यावर शिवलिंगाची पूजा; नाव मात्र बहुतेकांवर नाही. मग बसऱ्याच्या दगडावर नाव नसल्याचे दुःख आधुनिक आणि उसने म्हणायचे काय?

हा आक्षेप वरवर भारदस्त वाटतो, पण टिकत नाही. वीरगळ वीराच्या गावात उभा राही. तो कोणाचा हे सांगायला लेख लागत नसे, कारण शेंदूर लावणारे हात त्याच्याच घरचे असत. नाव दगडावर नव्हते कारण ते गावाच्या तोंडी होते. बसऱ्याचा दगड समुद्रापार, अनोळखी माणसांत उभा. तेथे तोंडी परंपरा कोण चालवणार? परक्या भूमीवर कोरलेल्या अक्षराशिवाय दुसरा आधारच नसतो.

शिवाय शिपायाचे नाव कोरण्याची रीत इंग्रजांना ठाऊक नव्हती असेही नाही. पुणे जिल्ह्यातील कोरेगावचा स्तंभ पाहावा. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर ईस्ट इंडिया कंपनीने तो १८२१ मध्ये उभारायला घेतला. त्यावर इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लेख आहेत, आणि लढाईत पडलेल्या साध्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणून ते शिपाई महार होते हे आज निश्चित सांगता येते. त्या स्तंभाचा अर्थ लावण्यावरून महाराष्ट्रात किती मंथन झाले हे सर्वांना माहीत आहे. पण ते मंथन शक्य झाले ते मुळात नावे होती म्हणून. समजा कंपनीने तेथे 'एक कॅप्टन आणि इतर इतके एतद्देशीय शिपाई' असे कोरले असते, तर दोनशे वर्षांनी कोणाच्या पणतूला त्या दगडापाशी उभे राहून हक्क सांगता आला असता? एका व्यापारी कंपनीला शंभर वर्षांपूर्वी जमले ते साम्राज्याला १९२९ मध्ये जमले नाही.

दुर्दैव असे की इकडच्या काठावरही आकडेच लागले. युद्धानंतर सरकारने ठिकठिकाणी छोटे संगमरवरी फलक बसवले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जण कामी आले असे तेथे सांगितले जाते. अशा फलकांचा मसुदा सर्वत्र एकाच साच्याचा: या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. म्हणजे गावच्या वेशीवर एक संख्या आणि बसऱ्याच्या वाळूत दुसरी संख्या. फलक बसला तेव्हा गावाला नावे सांगायची गरज नव्हती. विधवा, म्हाताऱ्या आया, पोरकी मुले समोर हिंडत होती. चार पिढ्यांनंतर त्या संख्येमागचा माणूस गावातही विरत गेला. आणि दोन्ही संख्यांना जोडणारा धागा कोणी विणलाच नाही.

पुष्कळांचा समज असा की ही नावे दिल्लीच्या इंडिया गेटवर असतील. तो दुरुस्त करणे आवश्यक आहे. इंडिया गेट सर्व हिंदी मृतांचे स्मारक आहे खरे, पण त्यावर कोरलेली नावे तेरा हजारांच्या वर काही थोडी. त्यांत मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात पडलेले लोक आहेत. मेसोपोटेमियातील शिपायांना शोधत तेथे जाणारा माणूस बहुधा रिकाम्या हाताने परततो.

दुसऱ्या महायुद्धात ही चूक पुन्हा झाली नाही. माणगाव परिसरातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर तुटून पडले आणि तेथेच धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर ज्ञात नाही. नाव मात्र कसिनोच्या स्मारकावर आहे, आणि त्याच स्मारकावर पदक न मिळालेले साधे हिंदी शिपाईही नावानिशी आहेत. 'हिंदी नावे कोरणे अशक्य' हे म्हणणे पंचवीस वर्षांत कसे काय शक्य झाले, याचे उत्तर तंत्रात शोधण्यात अर्थ नाही. १९४४ साली हिंदुस्थानचे राजकीय वजन १९२० च्या तुलनेत पालटले होते.

बसऱ्याच्या स्मारकाचे पुढचे आयुष्यही चमत्कारिक. ते मूळ माकील येथे, नौदलाच्या गोदीतील मुख्य धक्क्यावर, शहरापासून आठेक किलोमीटरवर होते. १९९७ मध्ये राष्ट्राध्यक्ष सद्दाम हुसेन यांच्या आदेशाने ते तेथून हलवण्यात आले. जागा लष्करीदृष्ट्या नाजूक होती. इराकी यंत्रणेने सगळे दगड उतरवून, वाहून नेऊन, नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर अंतरावर जसेच्या तसे पुन्हा रचले. निर्बंधांनी पिचलेल्या देशाने परक्या साम्राज्याचे स्मारक मोडून न टाकता इतक्या खटाटोपाने उभे करावे, ही गोष्ट इराकच्या बाजूने नोंदवून ठेवण्याजोगी आहे. नवी जागा १९९१ च्या आखाती युद्धाची रणभूमी. २००३ नंतर तिच्याभोवती पुन्हा युद्ध फिरले, आणि दीर्घ काळ आयोगाला तेथे नियमित देखभाल करता आली नाही.

नावांचा प्रश्न चव्हाट्यावर यायला मात्र एकविसावे शतक उजाडावे लागले. मिशेल बॅरेट या अभ्यासिकेने आयोगाची जुनी कागदपत्रे चाळून हा भेद मांडला. २०१९ मध्ये डेव्हिड लॅमी या ब्रिटिश खासदाराच्या माहितीपटाने तो घराघरांत नेला. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने नेमलेल्या विशेष समितीचा अहवाल आला. किमान ४५ ते ५४ हजार आशियाई व आफ्रिकी मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि आणखी किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत लोकांचे नावानिशी किंवा मुळीच झाले नाही, असे त्यात म्हटले होते. या दुसऱ्या गटात मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन लोक आहेत. कारण म्हणून समितीने त्या काळच्या साम्राज्यवादी वंशभेदाकडे स्पष्ट बोट दाखवले. आयोगाने क्षमा मागितली. २२ एप्रिल २०२१ रोजी संरक्षणमंत्री बेन वॉलेस यांनी पार्लमेंटात क्षमा मागितली. भारतात या बातमीची चर्चा दोन दिवस झाली असेल. तेव्हा करोनाची दुसरी लाट होती, आणि लोक आपल्याच मृतांची मोजदाद खरी की खोटी या विवंचनेत होते.

क्षमेने दगड बदलत नाही. पण एक गोष्ट आता कोणालाही करता येते. आयोगाची मृतांची सूची संगणकावर सर्वांना खुली आहे. पंजाबात याच्याही पुढचे पाऊल पडले: लाहोरच्या संग्रहालयात सापडलेल्या भरतीच्या जुन्या नोंदवह्या संगणकावर आणल्या गेल्या आणि गाव घालून शिपाई शोधण्याची सोय झाली. मराठी जिल्ह्यांसाठी असे काम करायचे तर आरंभ आयोगाच्या सूचीतूनच करावा लागेल, आणि त्यात मराठी जाणणाराच उपयोगी पडेल. कारण ही नावे इंग्रज कारकुनाच्या कानाने लिहिलेली आहेत. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव इंग्रजी दप्तरात 'जाधाओ' म्हणून नोंदले गेले. गाजलेल्या वीराची ही स्थिती, तर कोकणातल्या वाडीचे नाव कसे उमटले असेल याची कल्पना करावी. लंडनमधील संशोधकाला तो अक्षरांचा कडबोळा वाटेल; महाड किंवा कराड तालुक्यातल्या शाळामास्तरला ते वाचताच आपली शेजारची वाडी दिसेल.

गावाच्या फलकावरचा आकडा, सूचीतील नावे आणि घरात जपलेले एखादे पितळी स्मृतिपदक ही तीन टोके जुळवण्याचे काम एखाद्या तालुक्यापुरते सुद्धा करता येण्यासारखे आहे. १९१८ नंतर प्रत्येक मृत सैनिकाच्या घरी कांस्याची एक गोल चकती पाठवण्याची योजना होती. तिच्यावर हुद्दा न घालता केवळ नाव कोरलेले असे, मरणात सारे समान म्हणून. ज्या घरी ती पोचली आणि मोडीत गेली नाही, तेथे बसऱ्याच्या फलकावर नसलेले नाव धातूत उमटलेले आजही सापडू शकते.

सूची उघडणाऱ्याला एक तपशील सहसा चटकन जाणवत नाही. मराठा पलटणीच्या शिपायाची नोंद काढली की त्याचा क्रमांक, हुद्दा, पलटण आणि मृत्यूची तारीख दिसते; काही नोंदींत बापाचे नाव, गाव आणि जिल्हाही. खाली स्मरणस्थळ म्हणून 'बसरा मेमोरियल' लिहिलेले असते, आणि त्यापुढे फलकाचा क्रमांक दिलेला असतो.

त्या क्रमांकाच्या फलकावर त्याची पलटण आहे. तो आकड्यात आहे.